एकटा असेल तो शेवटी

आजोबांची वही लांबट आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याकडे खतावणी असते तशी. वसईतल्या आमच्या धर्मग्रामात ते गरिबांच्या घरी मदत पोचवणाऱ्या संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचे बरीच वर्षं चिटणीस होते. दर आठवड्याला सभासद जमायचे. प्रार्थना व्हायची, मागच्या सभेचं टिपण वाचलं जायचं, मग गुप्तदानाची कापडी पिशवी हातोहात फिरायची. कुणी किती टाकलं ते शेजाऱ्यालाही कळू नये म्हणून मूठ पिशवीत गेल्यावरच उघडायची. त्यानंतर कोणत्या घरी कुणी जायचं ते ठरायचं, आणि जायचं ते कायम दोघांनी. या सगळ्याची नोंद आजोबा ठेवत. घराचं नाव मात्र त्यांनी कधी लिहिलं नाही. क, च, म अशी नुसती अक्षरं. अक्षरापुढे तांदूळ, रॉकेल, खोकल्याचं औषध, एके ठिकाणी मुलीच्या शाळेची फी.

वहीच्या पहिल्या पानावर, क्रुसाच्या खुणेखाली, त्यांच्या तिरप्या अक्षरात दोन वाक्यं आहेत. "माणसं असतील त्या घरी आधी. एकटा असेल तो शेवटी."

ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला ती टोचली. ज्याला कुणी नाही त्याचा नंबर शेवटचा? वॉर्डात आम्हाला याच्या उलट शिकवत होते. ज्याच्या उशाशी नातेवाईक नाहीत त्याच्याकडे आधी बघा, कारण त्याची बेल दाबायलाही कुणी नसतं. आईला विचारलं तर ती रागावली. "आजोबा कुणाला शेवटी ठेवणारे नव्हते," एवढंच म्हणाली. आजोबा तेव्हा हयात नव्हते. ओळ तशीच मनात राहिली.

पुढे लग्न झालं आणि मी शिकागोला आले. इथल्या रुग्णालयात अकरा वर्षं काम करते आहे. रेड लाइनने जाता-येता फुलरटन स्टेशन लागतं, स्टेशनाला लागूनच डीपॉल विद्यापीठ. कितीतरी वर्षं हे नाव मी नुसतं पाटीवर वाचत होते. डीपॉल म्हणजे आमच्या सोसायटीचाच संत, हे मला एका सप्टेंबरात, २७ तारखेला, त्याच्या सणाच्या दिवशी लख्ख कळलं. संत विन्सेंटच्या संघाच्या धर्मगुरूंनी १८९८ मध्ये इथे सेंट व्हिन्सेंट्स कॉलेज काढलं आणि १९०७ मध्ये त्याचं डीपॉल विद्यापीठ झालं. त्या विद्यापीठात या एका संताचा आणि त्याच्या परंपरेचा अभ्यास करणारी स्वतंत्र संस्था आहे, व्हिन्सेंशियन स्टडीज इन्स्टिट्यूट. संस्था १९७९ मध्ये स्थापन झाली आणि १९८० पासून तिचं नियतकालिकही निघतं. त्या रात्री घरी आल्यावर मी वही काढली. ती आईकडून मागून आणलेली होती. बाकीच्या वह्या काकांकडे वसईतच आहेत. त्यातल्या सगळ्यात जुन्या वहीचा वाळवीने भुगा केला, त्या वहीचं दुःख घरात आजही निघतं.

विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या विशेष संग्रहाला मी पत्र लिहिलं. लिहिताना हात अडखळत होता. मी संशोधक नाही, कुठल्या विद्यापीठाची नाही, माझ्याकडे प्रबंधाचा विषय नाही. माझ्याकडे एक ओळ आहे आणि ती कुठून आली ते मला शोधायचं आहे, असं सरळ लिहून टाकलं. वहीचे दोन फोटो जोडले आणि ओळीचा अर्थ दिला.

उत्तर आलं त्यात मी कोण हे विचारलंच नव्हतं. ओळ बोलण्यातून आली असेल की कुठल्या छापील नियमातून, असं विचारलं होतं. पुढे लिहिलं होतं की संतांची पत्रं, प्रवचनं आणि कागदपत्रं विद्यापीठाच्या डिजिटल भांडारात सर्वांना मोफत वाचता येतात. आधी ती चाळा, काय हवं त्याची यादी करा, मग वेळ ठरवून या.

मग माझ्या रात्री त्यातच जाऊ लागल्या. पिअर कोस्त नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १९२० ते १९२५ या काळात संत विन्सेंटचं उपलब्ध लेखन १४ खंडांत छापलं. पहिले आठ खंड पत्रांचे, पुढचे चार प्रवचनांचे, तेरावा कागदपत्रांचा आणि चौदावा सूचीचा. इंग्रजी भाषांतराचा पहिला खंड १९८५ मध्ये आला. संतांनी आयुष्यात ३०,००० च्या आसपास पत्रं लिहिली असावीत असा अंदाज आहे, आणि आज हाती आहेत ती त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. १३ जुलै १७८९ ला, फ्रेंच राज्यक्रांतीत बास्तीयचा तुरुंग पडण्याच्या आदल्या दिवशी, पॅरिसमधलं संघाचं सें-लाझार हे घर जमावाने लुटलं. हे वाचताना मला काकांच्या कपाटातली वाळवी आठवली. कागद जायला काही तासही पुरतात.

मी आधी पत्रांमध्ये शोधलं. तिथे माझी ओळ नव्हती, पण माणूस भेटत गेला. फ्रान्समधल्या गॅस्कनीतल्या पुई गावचा शेतकऱ्याचा पोरगा, १६०० मध्ये, अगदी कोवळ्या वयात धर्मगुरू झालेला, सुरुवातीला चांगल्या उत्पन्नाची जागा मिळावी म्हणून धडपडणारा. १६०७ सालचं एक पत्र तर फारच प्रसिद्ध आहे. चाच्यांनी पकडून ट्यूनिसला गुलाम म्हणून विकल्याची हकिगत त्यात स्वतः विन्सेंटने लिहिली आहे. ती खरी की नाही यावर अभ्यासकांचं अजूनही एकमत नाही, आणि स्वतः कोस्तलाही शंका होती. संतांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने ही शंका उघडपणे छापावी, तिच्यावर वाद घालावा, याने मला फार बरं वाटलं. आपल्याकडे संतांच्या नावाच्या संस्था काही कमी नाहीत. प्रवेशद्वाराजवळ तसबीर असते, सणाला हार पडतो, शाळेला सुट्टी मिळते. त्या माणसाने स्वतः काय लिहून ठेवलं ते उघडून वाचणारे किती? हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारते आहे. वीस वर्षं मी त्याच्या सोसायटीच्या घरात वाढले आणि त्याचं एक पत्रही वाचलं नव्हतं.

पत्रांनंतर प्रवचनं वाचली. तिथेही ओळ सापडली नाही, पण जे सापडलं ते मी कामाच्या वहीत उतरवून घेतलं. लुईज द मारियाक यांच्याबरोबर १६३३ मध्ये त्यांनी 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' हा सेवाभगिनींचा संघ सुरू केला. त्या भगिनींना ते सांगतात की प्रार्थनेला बसला असाल आणि गरिबाचं बोलावणं आलं तर उठा, तो देवासाठीच देवाला सोडणं आहे. धर्मगुरूंना सांगतात की देवावर प्रेम करा, पण ते हातांच्या बळाने आणि कपाळाच्या घामाने करा. रात्रपाळीत हे वाक्य मला अनेकदा आठवतं.

ठरल्या दिवशी मी पहाटेची ड्यूटी संपवून तशीच गेले. विद्यार्थी केंद्रापाशी मॉन्सिनिअर जॅक इगन यांचा पुतळा आहे. शिकागोत आयुष्यभर न्यायासाठी लढलेले हे धर्मगुरू. पुतळ्यापाशी एक प्रश्न कोरला आहे, 'न्यायासाठी तुम्ही काय करताय?' मी दोन मिनिटं तिथे उभी राहिले आणि ग्रंथालयात गेले.

वाचनकक्षात बॅग आणि कोट बाजूला ठेवावे लागले. पेन चालत नाही, पेन्सिल चालते. टेबलावर एका वेळी एकच फोल्डर, आतल्या कागदांचा क्रम बदलायचा नाही, जुनं पुस्तक फोमच्या उतारावर टेकवूनच उघडायचं, म्हणजे पाठीला ताण येत नाही. मी हातमोजे मागितले. कक्षातल्या बाई म्हणाल्या, कागदाला मोज्यांची गरज नाही, मोज्याने बोटाला पान जाणवत नाही आणि फाटतं. हात स्वच्छ धुऊन कोरडे करा, तेवढं पुरे. हात धुण्याचं मला कुणी शिकवावं असं काही नाही, तरी मी त्या दिवशी कोपरापर्यंत धुतले.

आधी त्यांनी मला चित्रं दाखवली. कोरीव छपाईची, आणि प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवतात तसली छोटी पवित्र चित्रं. त्यातलं एक हातात घेताना माझा श्वास अडकला. कडेला कागदाचीच जाळीदार लेस, मध्ये बर्फातून चाललेले संत, छातीशी झग्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ. १६३८ पासून पॅरिसमध्ये टाकून दिलेल्या बाळांचं काम भगिनींनी उचललं, त्याचं हे चित्र. असंच्या असं चित्र आजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकात होतं. वसईत कुणी बर्फ पाहिला नव्हता, आणि लहानपणी मला वाटायचं की चित्रातले बाबा रात्री मीठागरातून चालले आहेत. आजीने ती समजूत कधी मोडली नाही.

मग मी माझी यादी पुढे केली आणि सांगितलं की पत्रं झाली, प्रवचनं झाली, ओळ नाही. बाईंनी माझ्या वहीचा फोटो पुन्हा पाहिला. "ही ओळ कुणाला समजावताना बोललेली वाटत नाही," त्या म्हणाल्या. "ही सूचना आहे. कामाची सूचना. तुम्ही नियम बघितलेत का?" कागदपत्रांच्या तेराव्या खंडापर्यंत मी पोचलेच नव्हते. इंग्रजीत त्याचे दोन भाग आहेत, त्यांनी दुसरा काढून दिला आणि १६१७ पासून सुरुवात करा म्हणाल्या.

१६१७ च्या ऑगस्टमध्ये विन्सेंट फ्रान्समधल्या शातियों गावात धर्मगुरू होते. एका रविवारी मिस्साची वस्त्रं चढवताना निरोप आला की गावाबाहेरच्या एका घरात सगळेच आजारी पडले आहेत, पाणी द्यायलाही कुणी उठू शकत नाही. प्रवचनात त्यांनी ते सांगितलं. दुपारनंतर ते स्वतः तिकडे निघाले तर रस्ताभर बायकाच बायका. कुणी खायला घेऊन चालली आहे, कुणी परत येते आहे, उन्हाने थकलेल्या काही वाटेत टेकल्या आहेत. पुढे भगिनींना सांगताना त्यांनी म्हटलं की ती जणू मिरवणूकच होती. हे पाहून त्यांना आनंद झालाच, पण त्यांच्या डोक्यात दुसराही विचार आला. आज या घरात इतकं अन्न आलंय की ते नासेल, आणि उद्या पुन्हा उपास. लोकांच्या मनात दया भरपूर आहे, तिला घडी बसवून दिलेली नाही. म्हणून त्या बायकांना एकत्र करून त्याच वर्षी त्यांनी सेवासंघ बांधला आणि त्याचे नियम लिहिले.

हे नियम मी एका दमात वाचले आणि मग पुन्हा सावकाश वाचले. नर्स म्हणून सांगते, इतका नेमका कागद मी क्वचित पाहिला आहे. जिची पाळी असेल तिने जेवण तयार करून आजाऱ्याकडे न्यावं. जवळ जाताना हसऱ्या चेहऱ्याने नमस्कार करावा. खाटेवर तबक मांडावं, त्यावर फडकं, पेला, चमचा आणि पाव ठेवावा. आजाऱ्याचे हात धुवावेत. जेवणापूर्वीची प्रार्थना म्हणावी. रस्सा वाडग्यात ओतावा, मांस बशीत घालावं, मग प्रेमाने दोन घास खायला लावावेत, जणू आपलाच मुलगा आहे. पथ्यही लिहिलेलं आहे. एका वेळेला पाव पौंड मांस, शुक्रवार-शनिवारी मांस वर्ज्य म्हणून सुपाबरोबर दोन अंडी. ताप नसलेल्याला थोडी वाइन, निम्मी सकाळी, निम्मी संध्याकाळी. मी सकाळी वॉर्डात जे करून आले होते तेच चारशे वर्षांपूर्वीच्या कागदावर समोर होतं. ट्रे लावायचा, हात पुसायचे, चमचा कोणत्या बाजूला ठेवला तर त्या माणसाला उचलता येईल ते बघायचं. आमच्या आजच्या सूचनापत्रात 'हसऱ्या चेहऱ्याने' हा शब्द नाही, इतकाच फरक.

आणि त्याच परिच्छेदाच्या शेवटी माझी ओळ होती. एकाचं झालं की दुसऱ्याकडे जावं, मात्र ज्याच्याजवळ कुणी आहे त्याच्यापासून नेहमी सुरुवात करावी आणि जे एकटे आहेत त्यांच्याकडे शेवटी जावं, म्हणजे त्यांच्याजवळ जास्त वेळ थांबता येईल.

आजोबांनी नियमाचा पहिला अर्धा भाग लिहिला होता. दुसरा अर्धा लिहायची त्यांना गरज वाटली नसावी. सोसायटीत सगळ्यांना तो ठाऊकच असणार.

मी पेन्सिल खाली ठेवली. पुस्तकावर पाणी पडू नये म्हणून खुर्ची मागे सरकवली आणि रडले. आईला त्या दिवशी उगाच दुखावलं होतं याचं रडू होतं, आणि आजोबांबद्दल इतकी वर्षं मनात जी एक बारीक कुसळ होती ती निघाल्याचंही. बाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने टिश्यूचा डबा ठेवून गेल्या, पुस्तकापासून हातभर लांब.

ही ओळ शातियोंहून वसईला कशी आली असेल? संत विन्सेंट १६६० मध्ये वारले, १७३७ मध्ये त्यांना संतपद मिळालं. सोसायटी त्यांनी स्थापन केलेली नाही. ती पॅरिसच्या विद्यापीठातल्या मुलांनी १८३३ मध्ये काढली, त्यात फ्रेडरिक ओझानाम हा विशीतला तरुण पुढे होता. गरिबांच्या घरी जायचं कसं हे त्या मुलांना शिकवलं सिस्टर रोझाली रांद्यू यांनी, आणि त्या होत्या संत विन्सेंटच्याच सेवाभगिनी. बायकांनी जपलेली रीत मुलांनी उचलली आणि सोसायटीबरोबर ती देशोदेशी गेली. प्रत्येक पावलाचा कागद माझ्याकडे नाही, पण अशी रीत सांगण्यातून आणि सोबत चालण्यातूनच पुढे जाते. दोघांनी जायचं, त्यातला एक जुना आणि एक नवा. रस्त्यात जुना नव्याला सांगतो.

निघण्यापूर्वी मी पिशवीतून आजोबांची वही काढली. मला ती दुरुस्त करून हवी होती. आईने फाटक्या पानांना कधीकाळी चिकटपट्टी लावली होती, ती आता पिवळी पडून अक्षरावर डाग सोडते आहे. बाईंनी वही फोमवर ठेवली आणि पान न पान पाहिलं. पुन्हा चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको, आहे ती पट्टी स्वतः ओढून काढू नका. आम्लरहित कागदाच्या पाकिटात आडवी ठेवा, दमट भिंतीपासून लांब. स्कॅन करताना कोरी पानंसुद्धा घ्या, कोरं पानही काही सांगतं. वही कुणी लिहिली, कुठे होती, कुणाकडून कुणाकडे आली हे वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. या चार गोष्टी आमच्या घरी वीस वर्षांपूर्वी कुणी सांगितल्या असत्या तर सगळ्यात जुनी वही आज हाताशी असती.

मग त्यांनी विचारलं, अक्षरांच्या मागची माणसं आज ओळखता येतील का? त्यांची मुलं, नातवंडं त्याच गावात आहेत का? मी हो म्हटलं. मग ही वही लगेच सर्वांसाठी खुली करू नका, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. ज्या घराला मदत झाली त्या घराची लाज राखणं ही सोसायटीची पहिली शपथ, आणि हे मला एका ग्रंथपालाकडून ऐकायला मिळालं. आजोबांना त्या आवडल्या असत्या.

घरी आल्यावर मी वही नव्या डोळ्यांनी वाचायला घेतली. तेव्हा एक शब्द दिसला. आधीही तो डोळ्यांपुढून शंभर वेळा गेला असेल. काही नोंदींच्या शेवटी आजोबांनी 'बसलो' असं लिहिलं आहे. तांदूळ, रॉकेल, बसलो. मला वाटायचं, पायी फिरून दमले असतील. आता बोट ठेवून पाहिलं तर हा शब्द दर भेटीच्या दिवशी एकदाच येतो, आणि तो त्या दिवसाच्या शेवटच्या घरापुढेच येतो.

रविवारी वसईला व्हिडिओ कॉल लावला. आईला आधी नियम वाचून दाखवला, मराठीत, जमेल तसा. तिने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "मी सांगितलं होतं." मी माफी मागितली. मग काकांना त्यांच्याकडची १९६९ सालची वही काढायला लावली. पुठ्ठा सुटलाय म्हणून ती मांडीवर घेऊ नका, टेबलावर उशी ठेवून तिच्यावर उघडा, हात धुऊन या, असं मी सांगत होते आणि ऐंशीला आलेले काका निमूटपणे ऐकत होते. चष्मा लावून त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"क, तांदूळ दोन किलो. म, औषध. च, तांदूळ, रॉकेल. बसलो."

पान उलटलं. "म, औषध. क, काही नाही, मुलगा कामाला लागला. च, रॉकेल. बसलो."

तिसऱ्या पानावर ते थांबले. बराच वेळ त्यांचं बोट 'च' या अक्षरावर होतं. "हे घर मला माहीत आहे," ते म्हणाले. "बाबांबरोबर मी जायचो. दोघं लागायचे ना. मी ओट्यावर कंटाळून बसायचो आणि बाबा आत. संध्याकाळ व्हायची."

नाव त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्यांनी पुढचं पान उलटलं.